महागडी बाटली आणि आमची भिशी

मैत्रिणींनो, एक गोष्ट आधी कबूल करून टाकते. दोन वर्षांपूर्वी ह्यांच्या ऑफिसातल्या एका निरोपसमारंभाला आम्ही एका बड्या हॉटेलात गेलो होतो. साहेबांनी फ्रेंच पांढऱ्या वाइनची बाटली मागवली. वेटरनं ती सगळ्यांना दाखवली, बूच काढलं आणि घोटभर वाइन नेमकी माझ्यापुढच्या ग्लासात ओतली. आता मी चव घेऊन पसंती द्यायची आणि मग बाकीच्यांना वाढायची, अशी म्हणे पद्धत! टेबलाभोवतीची दहा माणसं माझ्याकडे बघताहेत. ग्लास नाकाशी नेला तर वास कसला? पावसाळाभर माळ्यावर राहिलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्याचा. अगदी तोच कुबट वास. आणि मी काय म्हणाले असेन? "वा, छान आहे!"

पाच मिनिटांनी परदेशातून आलेल्या एका पाहुण्यांनी ग्लास नुसता नाकाशी नेला, खाली ठेवला आणि वेटरला बोलावून हळूच काहीतरी सांगितलं. बाटली गेली, दुसरी आली. पहिली खराब निघाली होती. मला कुणीही काही बोललं नाही, पण रिक्षात बसल्यावर माझे कान तापले होते ते घरी येईपर्यंत.

आता बघा, वाण्याकडून आणलेल्या तुरीच्या डाळीला जरा कुबट वास आला तर दुसऱ्या दिवशी मी ती पिशवी परत नेऊन देते. दूध नासणार हे मला पातेल्यावरचं झाकण काढताच कळतं. तुपात भेसळ आहे का, आंबेमोहोर म्हणून दिलेला तांदूळ खरंच आंबेमोहोर आहे का, हे सांगायला मला कुणी शिकवावं लागत नाही. तुम्हालाही लागत नाही. मग त्या दिवशी नाक बरोबर सांगत असताना जीभ खोटं का बोलली? कारण एकच. बाटली चार-पाच हजारांची होती, फ्रेंच होती. एवढी महाग वस्तू वाईट कशी असेल, असं मी धरून चालले.

त्या रात्रीपासून हे माझ्या डोक्यात बसलं, आणि शेवटी आमच्या भिशीत त्याचा निकाल लावायचं ठरवलं. तो सगळा प्रकार आज तुम्हाला सांगणार आहे.

त्याआधी दोन शब्द. वाइन म्हणजे दारू नव्हे असं मध्यंतरी पुष्कळांनी मोठमोठ्यानं सांगून पाहिलं. २०२२च्या जानेवारीत सुपरमार्केटात वाइन विकायला परवानगी द्यायचा निर्णय राज्य सरकारनं घेतला तेव्हा तर या वादाला ऊत आला होता. मला ते पटत नाही. बारा-तेरा टक्के मद्यार्क असलेलं पेय ही दारूच. आपल्या राज्यात ती विकत घ्यायला आणि प्यायला परवानाही लागतो, आणि तो काढूनच आम्ही या उद्योगाला लागलो. ज्यांच्या घरी चालत नाही त्यांनी चालवून घ्यावी असं मी सांगणार नाही. गरोदर बायकांनी आणि औषधं चालू असणाऱ्यांनी तर दूरच राहावं. पण आज पुण्यातल्या कितीतरी घरांत भाचा, दीर नाहीतर जावई परदेशातून येताना बाटली घेऊन येतो, आणि ती मोठ्या कौतुकानं शोकेसमध्ये उभी राहते. ती चांगली आहे की नुसती महाग, हे घरातल्या बाईला कळायला नको का?

बाटलीवर लिहिलेलं असतं काय?

पहिली अडचण लेबलाची. आपल्याकडच्या बाटलीवर द्राक्षाच्या जातीचं नाव असतं: शेनिन ब्लाँ, सोव्हिन्यों ब्लाँ, शार्दोने. फ्रेंच बाटलीवर बहुधा गावाचं नाव असतं आणि जात कुठेच लिहिलेली नसते. ती आपण ओळखून घ्यायची. (अल्सास प्रांतासारखे अपवाद आहेत. तिथले लोक जात लिहितात.) म्हणजे 'शाब्ली' लिहिलं असेल तर आत शार्दोने द्राक्षाचीच वाइन. पांढरी 'साँसेर' असेल तर सोव्हिन्यों. 'वूव्रे' असेल तर शेनिन. एवढी तीन नावं पाठ असली तरी दुकानात आपण गोंधळून जात नाही.

ही तऱ्हा आपल्याला नवी वाटायला नको. आपण तरी 'हापूस' एवढ्यावर कुठे थांबतो? देवगड की रत्नागिरी, हे विचारतोच. २०१८ साली कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं ते याचसाठी, कारण कर्नाटकचा आंबा देवगडच्या पेटीत घालून विकणारे कमी नाहीत. फ्रेंचांनी हा बंदोबस्त १९३५ सालीच कायद्यानं केला. कुठल्या शिवारातली द्राक्षं, कुठली जात, एकरी उतारा किती घ्यायचा, हे सगळं नियमात बांधलेलं. तरीही अमेरिकेत कितीतरी वर्षं कुठल्याही पांढऱ्या वाइनच्या मोठ्या बाटलीवर बिनदिक्कत 'शाब्ली' छापून विकत होते. पेटी देवगडची, आंबा भलतीकडचा!

खुद्द शाब्ली हे पॅरिसच्या आग्नेयेला असलेलं लहानसं गाव. थंडी कडक. एप्रिलमध्ये कोवळी फूट आली की नेमकं दहिवर पडतं आणि एका रात्रीत पीक जातं. म्हणून तिथले शेतकरी रात्रभर बागेत मेणाच्या बादल्या पेटवून ठेवतात. २०२१च्या एप्रिलमध्ये इतकं करूनही फ्रान्सभर फार मोठं नुकसान झालं होतं. हे वाचताना मला निफाडची आठवण झाली. पारा चार-पाच अंशांवर उतरला की आपले बागाईतदारही द्राक्षबागेत शेकोट्या पेटवून जागतात. फरक इतकाच, की त्यांचं पीक वर्षातून एकदा, भाद्रपद-आश्विनाच्या सुमारास निघतं. आपल्याकडे वेल वर्षातून दोनदा छाटावी लागते, एप्रिलात खरड छाटणी आणि पावसाळा सरताना गोडी छाटणी. मग द्राक्षं येतात ती हिवाळ्यात, जानेवारी ते मार्चमध्ये.

आणि हो, आपण खातो ती द्राक्षं वेगळी. थॉमसन नाहीतर सोनाका, लांबट, बिनबियांची, पातळ सालीची. वाइनची द्राक्षं बारीक, बियांची आणि जाड सालीची असतात. ताटात ठेवली तर मुलं तोंड फिरवतील.

आपल्या भागाला हे नवं नाही. पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगावला १९८०च्या दशकात श्यामराव चौगुले यांनी फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीनं फेसाळ वाइन काढली आणि 'ओमर खय्याम' या नावानं ती थेट युरोपात पाठवली. पुढे ती कंपनी कर्जात बुडाली, ही गोष्ट वेगळी. नंतर नाशिकला राजीव सामंत यांनी सुला सुरू केली आणि २०००च्या सुमारास त्यांची सोव्हिन्यों बाजारात आली. २००१मध्ये राज्य सरकारनं इथल्या द्राक्षांच्या वाइनवरचं उत्पादनशुल्क माफ केलं, आणि मग नाशिककडे एकामागून एक कारखाने उभे राहिले. आपल्या मांजरीला तर द्राक्षांचं राष्ट्रीय संशोधन केंद्रच आहे. हडपसरच्या पुढे जाताना पाटी पाहिली असेल तुम्ही.

किंमत कशी चढते

आता हिशेब. मी दुकानात उभी राहून भाव लिहून घेतले तेव्हा दुकानदार जरा चमकलाच. पण आपण बायका भाव विचारायला कधी लाजतो का?

समजा, फ्रान्सहून निघालेली एक बाटली मुंबईच्या बंदरात उतरली आणि तिथपर्यंत तिची किंमत झाली ६०० रुपये. बाहेरून येणाऱ्या वाइनवर आपल्या सरकारनं वर्षानुवर्षं १५० टक्के जकात घेतली आहे. म्हणजे ९०० रुपये वर. झाले दीड हजार. अजून ती गोदामातून बाहेर पडलेली नाही. त्यावर राज्याचे कर, आयात करणाऱ्याचा नफा, घाऊक व्यापाऱ्याचा, दुकानदाराचा. आपल्या हातात येईपर्यंत ती सहज अडीच हजारांवर जाते. हॉटेलात बसून घेतली तर मग विचारूच नका. जकात उद्या कमी झाली तरी हिशेबाची रीत हीच.

यातून एक गंमत कळते. काचेची बाटली, बूच, लेबल, जहाजाचं भाडं यांचा खर्च स्वस्त वाइनलाही तेवढाच आणि उंची वाइनलाही तेवढाच. म्हणजे दुकानातली जी सगळ्यात स्वस्त फ्रेंच बाटली, तिच्या किमतीत खुद्द वाइनचा वाटा सगळ्यात कमी! आपण मुख्यतः काचेचे, जहाजाचे आणि जकातीचे पैसे मोजतो. 'फ्रेंच आणि तरी स्वस्त' म्हणून जी बाटली आपण हौसेनं उचलतो, तिचाच सौदा बहुधा आतबट्ट्याचा.

सहा मोजे

आमची भिशी आठजणींची. त्या महिन्यात पैसे फिरवायचे नाहीत, प्रत्येकीनं दीड हजार काढायचे आणि पाच बाटल्या आणायच्या, असं ठरलं. दोघीतिघींनी आधी कुरकुर केली. "एवढ्यात माझं महिन्याचं तेल येतं," असं एकजण म्हणाली. तिचं चुकीचं नव्हतं. माझेही ते पैसे माझ्या अर्धवेळ शिकवण्याच्या पगारातले, म्हणून तर निकाल लागायला हवा होता.

बाटल्या अशा होत्या. नाशिकची शेनिन ८५० रुपयांची. नाशिकची सोव्हिन्यों १,०५० रुपयांची. एक साधी फ्रेंच सोव्हिन्यों, १,९०० रुपयांची. एक शाब्ली ३,९०० रुपयांची आणि एक साँसेर ४,२०० रुपयांची. एकूण ११,९००. उरलेल्या शंभरात पाव आणि चुरमुरे.

शाळेच्या परीक्षेत उत्तरपत्रिकेवर मुलाचं नाव नसतं, आसन क्रमांक असतो. मी इतकी वर्षं पेपर तपासते, नाव दिसलं की पेन कसं सैल नाहीतर घट्ट होतं ते मला ठाऊक आहे. तेव्हा बाटल्यांनाही आसन क्रमांक द्यायचे ठरलं. ह्यांनी स्वयंपाकघरात बाटल्या उघडल्या, प्रत्येकीवर मुलांचा शाळेचा लांब मोजा चढवला आणि मोज्यावर आकड्याची चिठ्ठी टाचली. कुठल्या मोज्यात काय, हे फक्त त्यांनाच माहीत. बाहेर आल्या सहा बाटल्या. पाच आणल्या होत्या ना, असं आम्ही विचारलं तर म्हणाले, "तुम्ही मार्क द्या, नंतर सांगतो."

प्रत्येकीला प्रत्येक मोज्यातले दोन घोट, म्हणजे मोठे दोन चमचे. सहांचे मिळून एका ग्लासाएवढेच होतात, तेव्हा कुणाचं डोकं हलकं व्हायचा प्रश्न नव्हता. मधे पाण्याची चूळ आणि पावाचा तुकडा. वीसपैकी मार्क, आणि लिहून होईपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. आठ बायका अर्धा तास गप्प बसल्या, हीच मुळी बातमी!

काय लक्ष द्यायचं ते मी आधी सांगितलं होतं. सोव्हिन्योंला ढोबळी मिरची कापल्यावर येतो तसा हिरवा वास असतो. ही काही कविकल्पना नाही हं. ढोबळी मिरचीत जे द्रव्य असतं, त्याच कुळातलं द्रव्य या द्राक्षात असतं. काही शार्दोनेंना विरजणाच्या लोण्याचा वास येतो, त्याचंही कारण तेच. लोण्यातला वास देणारं द्रव्य वाइन मुरतानाही तयार होतं. म्हणजे आपल्या नाकाला हे सगळे वास आधीपासून ओळखीचे आहेत. फक्त ते या ठिकाणी भेटतील अशी आपली अपेक्षा नसते.

सासूबाई कोपऱ्यात जपमाळ घेऊन बसल्या होत्या. त्यांनी आयुष्यात कधी शिवलेली नाही आणि शिवणारही नाहीत. पण मोजा क्रमांक तीन फिरत असताना मला म्हणाल्या, "आण बघू इकडे, वास घेतल्यानं काही धर्म बुडत नाही." ग्लास हुंगून म्हणाल्या, "हा तर पाण्यानं धुतलेल्या पाट्याचा वास. वाटण काढून पाटा धुतला की येतो ना, तसा." आम्ही हसलो. नंतर तो मोजा शाब्लीचा निघाला. शाब्लीचं वर्णन करताना जाणकार मंडळी वर्षानुवर्षं काय लिहितात, माहीत आहे? 'ओल्या दगडाचा वास'!

निकाल

आता निकाल ऐका. पहिला नंबर सहाव्या मोज्याचा, सरासरी साडेचौदा. दुसरा नंबर दुसऱ्या मोज्याचा, साडेतेरा. मग पहिला मोजा, बारा. मग पाचवा, अकरा. ओला पाटा, म्हणजे तिसरा मोजा, साडेदहा. चौथा नापास, साडेसात.

मोजे उतरवले. सहावी ४,२००ची साँसेर, आणि तिचा पहिला नंबर रास्त होता. वास स्वच्छ, आंबटपणा लिंबाच्या सालीसारखा, आणि घोट गिळल्यावरही चव बराच वेळ तोंडात रेंगाळत होती. पण तिच्या खालोखाल, फक्त एका मार्कानं मागे, नाशिकची १,०५०ची सोव्हिन्यों. पहिला मोजा नाशिकची शेनिन. नापास झाला तो १,९०० रुपयांचा फ्रेंच. त्याला वास असा नव्हताच, रंग कडूसर पिवळा, चव कालच्या लिंबाच्या सरबतासारखी. लेबल वाचलं तर पाच वर्षांपूर्वीची! अशी साधी पांढरी वाइन वर्ष-दोन वर्षांत प्यायची असते. शिवाय ज्या दुकानातून ती आणली तिथे एप्रिलच्या उन्हात बाटल्या काचेच्या खिडकीत उभ्या होत्या. पुण्याच्या उन्हाळ्यात लोणच्याची बरणी आपण खिडकीत ठेवत नाही, आणि ही म्हणे वाइन.

आणि पाचवा मोजा? ह्यांनी नाशिकच्या सोव्हिन्योंची अर्धी बाटली सरबताच्या धुतलेल्या बाटलीत ओतून तिला दुसरा मोजा चढवला होता. म्हणजे दुसरा आणि पाचवा एकच! एकच वाइन, आणि एकदा साडेतेरा, एकदा अकरा. माझे स्वतःचे मार्क सांगायला लाज वाटते. दुसऱ्याला पंधरा आणि पाचव्याला नऊ. पंधरा वर्षं पेपर तपासणारी मी! चौथ्याची वाईट चव जिभेवर राहिली होती, असं मी म्हटलं. पण हे म्हणाले, "मग तुमच्या चौथ्या पेपरानंतरच्या मुलाचं काय होत असेल?" त्यावर मी काही बोलले नाही. खरं सांगते, त्यानंतर घरी पेपर तपासताना फार वाईट पेपर हाती आला की मी उठून पाणी पिऊन येते.

मागाहून कळलं, की यात आम्ही एकट्या नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या राज्य जत्रेत वाइनच्या स्पर्धा होतात. तिथल्या कसलेल्या परीक्षकांना एकच वाइन तीनदा न सांगता दिली, तर सगळ्या वेळी जवळपास सारखे मार्क देणारा दहांतला एखादाच निघाला. हा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी आणखी एक प्रयोग छापून आला. एकच तांबडी वाइन लोकांना एकदा १० डॉलरची म्हणून दिली, एकदा ९० डॉलरची म्हणून. ९०ची त्यांना जास्त आवडली. नुसतं तोंडदेखलं नव्हे, मेंदूतला आनंदाचा भागही खरोखर जास्त जागा झालेला यंत्रावर दिसला. म्हणजे त्या हॉटेलात मी नुसतीच खोटं बोलले असंही नाही. किंमत आधी पोचते, चव मागून येते.

फ्रेंचही यातून सुटलेले नाहीत. २४ मे १९७६ रोजी पॅरिसमध्ये स्टीव्हन स्परियर नावाच्या इंग्रज दुकानदारानं फ्रेंच आणि कॅलिफोर्नियाच्या वाइन नावं झाकून परीक्षकांपुढे ठेवल्या. नऊ परीक्षक फ्रेंच, तेही नामवंत. पांढऱ्यांत पहिली आली कॅलिफोर्नियाची १९७३ सालची शातो माँतेलेना, बर्गंडीच्या नावाजलेल्या वाइनना मागे टाकून. एका परीक्षकानं तर कॅलिफोर्नियाची वाइन पिऊन "हा, हा आपला फ्रान्स!" अशा थाटाचे उद्गार काढले होते म्हणतात. तिथे एकच पत्रकार हजर होता, पण त्यानं बातमी दिली आणि जगभर झाली.

ताटाबरोबर

माझा लेख इथेच संपला असता, तर मी तुम्हाला सरळ सांगितलं असतं की नाशिकची घ्या आणि पैसे वाचवा. पण मग जेवण वाढलं.

मालवणकडच्या काकूंनी रवा लावून तळलेली सुरमई आणली होती. मी कोथिंबीरवडी आणि थालीपीठ केलं होतं. उरलेल्या बाटल्या पुन्हा एकेक घोट करून फिरल्या आणि हिशेब उलटापालटा झाला. नुसती घेतली तेव्हा चौघींना फुळकवणी वाटलेली शाब्ली सुरमईबरोबर अशी काही लागली, की माशावर लिंबू पिळायची आठवणच कुणाला झाली नाही. लिंबाचं काम तीच करत होती. तिला आता पंधरा मार्क. कोथिंबीरवडीशी जमलं नाशिकच्या सोव्हिन्योंचं, हिरव्याला हिरवं. शेनिन किंचित गोडसर, ती तिखटाला सांभाळून घेत होती. तिखटाशी जपून राहा बरं का. मद्यार्कानं तिखट आणखी झोंबतं, तेव्हा झणझणीत रश्श्यापुढे ४,२००ची बाटली उघडणं म्हणजे पैशांचा रस्सा. साँसेरला थालीपीठाबरोबर काहीच करता आलं नाही. ती आपली एका बाजूला सोवळ्यात बसल्यासारखी.

तेव्हा माझं मत असं. नाशिकची चांगली सोव्हिन्यों आणि चौपट किमतीची साँसेर यांत फरक आहे. तो नाकाला आणि जिभेला कळतो, नाही कसा? पण तो चौपट नाही. वीसपैकी एका मार्काचा आहे. तो एक मार्क मला ३,१५० रुपयांचा वाटला नाही. शाब्लीचं मात्र वेगळं. तिच्यासारखं दुसरं काही आमच्या सहा मोज्यांत नव्हतं. ताजी सुरमई आणि चार जिवाभावाची माणसं असतील, तर वर्षातून एकदा ३,९०० रुपये मी स्वतःच्या पगारातून मोजेन. बँकेतून निवृत्त झालेल्या वहिनींना हे मुळीच मान्य नाही. त्या म्हणतात, ३,९००ची सुरमईच घ्यावी. दीड-दोन हजारांच्या फ्रेंच बाटलीबद्दल मात्र आम्हा आठजणींत मतभेद नाही. वर्ष न पाहता आणि दुकान न पाहता ती घेऊ नये.

तुम्हाला करून बघायचं असेल, तर चार गोष्टी लक्षात ठेवा. गार दुकानातून घ्या, बाटलीवरचं साल वाचा. फ्रीजमध्ये दोन-तीन तास पुरे, बर्फाच्या कप्प्यात घालू नका. फार गार केली की वास मरतो, फ्रीजमधल्या आंब्याचा मरतो ना, तसाच. स्वस्त वाइन बर्फासारखी गार देतात ती उगीच नाही! चांगली असेल तर पंधरा मिनिटं आधी बाहेर काढा. उरली तर बूच घट्ट लावून फ्रीजमध्ये, दोन-तीन दिवसांत संपवा. आणि कुबट पुठ्ठ्याचा वास आला तर ती बुचाला लागलेल्या बुरशीची करामत. ती वाइन पिऊन अपाय होत नाही, पण ती बिघडलेलीच, मग बाटली चारशेची असो की चाळीस हजारांची.

गेल्या महिन्यात आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला आम्ही दोघं बाहेर जेवायला गेलो. ह्यांनी हौसेनं एक फ्रेंच बाटली मागवली. वेटरनं घोटभर ह्यांच्या ग्लासात ओतली, ह्यांनी ग्लास सरळ माझ्याकडे सरकवला. मी हुंगली. माळ्यावरचं खोकं! छातीत धडधडलं, पण म्हटलं, "ही बुचामुळे बिघडली आहे. तुम्हीच वास घेऊन पाहा." त्यानं घेतला, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि काही न बोलता बाटली आत नेली.

दुसरी आली ती बरी होती. बारा मार्क.